शिक्षक घडविणारी शाळा कोणी पोसावी ?

महाराष्ट्रांतील दानधर्माचा झरा आटला, असें म्हणणारांशीं आम्ही सहमत नाहीं. आळंदीहून पंढरीस निघालेल्या वारकऱ्यांपुढें पंक्तीमागून पंक्ति वाढणारे हात आजहि थकलेले नाहींत. गणेशोत्सवाच्या वर्गणीस नकार देण्याची छाति फारच थोड्या गृहस्थांस होते. रुग्णालयाच्या भिंतींवर, नदीच्या घाटांवर, फार कशाला स्मशानांतील बांकांवरहि दात्यांचीं नांवें कोरलेलीं आढळतात. तेव्हां द्यावें कीं न द्यावें, हा वाद आमच्या समाजापुरता केव्हांच निकालांत निघालेला आहे. उरला आहे तो कोठें द्यावें हा. देश, काल व पात्र पाहून दिलेलें दान तें सात्त्विक, असें आमचीं शास्त्रें सांगतात; परंतु पात्र पाहण्याचे कष्ट घेणारा दाता शंभरांत एखादाच. या निष्काळजीपणामुळें एक अत्यंत योग्य पात्र आज रिकामें राहिलें आहे. तें पात्र म्हणजे विद्यापीठांचीं अध्यापक महाविद्यालयें. पदवी घेतलेले तरुण व तरुणी ज्या ठिकाणीं शिकविण्याची विद्या शिकतात, त्या संस्थांकडे आमच्या धनिकांचें व मध्यम स्थितींतील गृहस्थांचें लक्ष वेधावें, एवढाच आजच्या लेखाचा हेतु आहे.

या संस्थांची उपेक्षा कां व्हावी, याचें कारण शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. अभियांत्रिकी महाविद्यालयाचे जुने विद्यार्थी कारखान्यांचे मालक होतात, परदेशीं जाऊन संपन्न होतात, आणि उतारवयांत आपल्या विद्यालयाची आठवण झाली म्हणजे एखादी प्रयोगशाळा बांधून देतात. वैद्यकीय महाविद्यालयाचें तसेंच आहे. विधि महाविद्यालयाचेंहि थोडेंफार तसेंच. पण अध्यापक महाविद्यालयाचा जुना विद्यार्थी कोण? तालुक्याच्या गांवीं भूगोल शिकविणाऱ्या बाई, किंवा एखाद्या विनाअनुदानित शाळेंत अपुऱ्या वेतनावर गणिताचे तास घेणारे गुरुजी! त्यांच्याजवळ कृतज्ञता भरपूर आहे, पैसा नाहीं. याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं, हें महाविद्यालय आपलें काम जों जों अधिक निष्ठेनें करील, तों तों त्याचे विद्यार्थी अधिक दूरच्या व अधिक गरीब शाळांतून जाऊन बसतील, आणि तों तों त्याला परत कांहीं मिळण्याची आशा कमी होईल. इतर विद्यालयांस त्यांचें यश पोसतें. या विद्यालयास त्याचें यश दरिद्री ठेवतें. म्हणून त्याचें ऋण फेडण्याचा भार त्याच्या विद्यार्थ्यांवर न टाकतां, त्या विद्यार्थ्यांच्या विद्यार्थ्यांवर, म्हणजे तुम्हांआम्हां सर्वांवर टाकणें हाच न्याय होय. ज्याला लिहितांवाचतां येतें असा प्रत्येक मनुष्य या संस्थांचा नातू आहे.

शिक्षक तयार करणें हें शिक्षणाचें मूळ आहे, हा विचार आमच्याकडे नवा नाहीं. सन १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यांतच प्रत्येक इलाख्यांत शिक्षक तयार करणाऱ्या शाळा असाव्यात अशी शिफारस होती. पुढें सन १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें निवेदन करतांना जोतीराव फुले यांनीं प्राथमिक शाळांवर शिकून तयार झालेले शिक्षक नेमावेत, ते शेतकरी वर्गांतूनहि घ्यावेत व त्यांचें वेतन वाढवावें, असा आग्रह धरला. बहुजनांच्या मुलांना शाळा नाहीं हें दुःख त्यांना होतेंच. पण शाळा असून शिकविणारा योग्य नसला तर ती शाळा असून नसल्यासारखीच, हें मर्म त्यांनीं ओळखलें होतें. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

अण्णासाहेब कर्वे यांच्या चरित्रांतहि हाच क्रम दिसतो. फर्ग्युसन महाविद्यालयांतील गणिताच्या या प्राध्यापकानें सन १८९६ मध्यें अनाथ बालिकांसाठीं आश्रम काढला आणि सन १९१६ मध्यें महिला विद्यापीठ स्थापलें. विद्यापीठाची तिजोरी जवळजवळ रिकामी, विद्यार्थिनी हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि चहूंकडून थट्टा चाललेली; अशा स्थितींत दुसरा कोणी असता तर त्यानें आधीं इमारतीचा विचार केला असता. कर्व्यांनीं लागलीच सन १९१७ मध्यें प्राथमिक शिक्षिका तयार करणारी अध्यापिका शाळा काढली. मुलींना शिकवावयाचें तर शिकविणाऱ्या स्त्रिया आधीं हव्यात, हा त्यांचा हिशेब गणित्याला शोभण्यासारखाच होता. पुढें सन १९२० मध्यें मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं या विद्यापीठास १५ लाख रुपये देऊं केले, आणि त्यास त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचें नांव मिळालें. या विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळाली ती सन १९५१ मध्यें. म्हणजे तब्बल ३५ वर्षें ही संस्था सरकारी शिक्क्यावांचून जगली, ती केवळ लोकांच्या दानावर व कार्यकर्त्यांच्या त्यागावर. निधि गोळा करण्यासाठीं वयाच्या सत्तरीनंतर, सन १९२९ मध्यें, कर्वे परदेशच्या प्रवासास निघाले, हें आज पन्नाशींत निवृत्तीचा विचार करणाऱ्या आमच्या पिढीनें विसरूं नये. ठाकरसी घराण्याचें नांव धारण करणारें स्त्रियांचें अध्यापक महाविद्यालय याच विद्यापीठांत मुंबईस आजहि चालू आहे.

येथें एका गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधल्यावांचून राहवत नाहीं. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठीं व मनोऱ्यासाठीं सन १८६४ मध्यें प्रेमचंद रायचंद यांनीं प्रत्येकीं दोन लाख रुपये दिले, आणि त्या मनोऱ्यास आपल्या मातेचें, राजाबाईंचें, नांव दिलें. महिला विद्यापीठासहि नांव मिळालें तें मातेचेंच. मुंबईच्या दोन विद्यापीठांतील हीं दोन थोर दानें दात्यांनीं स्वतःच्या नांवाचा हव्यास न धरतां आपापल्या आद्य शिक्षिकेच्या चरणीं वाहिलीं, असें आम्ही समजतों. नांव कोरण्याची इच्छा ज्यांना अनावर होते, त्यांनीं हा कित्ता गिरवावा.

कोणी म्हणेल, ठाकरसी व रायचंद यांच्या गोष्टी लक्षाधीशांच्या. सामान्यांनीं काय करावें? त्यांनीं साताऱ्याकडे पाहावें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं सन १९१९ मध्यें काले येथें रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हां त्यांच्यापाशीं ना गिरणी होती ना संस्थान. घराघरांतून रोज मूठभर धान्य बाजूस काढावें, अशा मुष्टिफंडावर त्यांनीं वसतिगृहें चालविलीं. आणि मुलांच्या पोटासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं मंगळसूत्रासह आपले दागिने मोडले. या माणसानेंहि सन १९३५ मध्यें साताऱ्यास ग्रामीण शिक्षक तयार करणारें विद्यालय काढलें, आणि त्यांच्या संस्थेनें पदवीधरांसाठीं आझाद अध्यापक महाविद्यालय काढलें तें सन १९५५ मध्यें. हिंगण्यास कर्वे, साताऱ्यास भाऊराव. एक शहरी मध्यमवर्गांतील स्त्रियांचा कैवारी, दुसरा रयतेचा. दोघांचे मार्ग भिन्न. पण चार पैसे हातीं येतांच दोघांनींहि शिक्षक घडविण्याची शाळा काढली. अनुभवी शेतकरी दुष्काळांतहि बियाणें मोडून खात नाहीं; त्यांतलाच हा प्रकार.

आतां आजच्या स्थितीकडे वळूं. शिक्षक-शिक्षणाच्या नियमनासाठीं सन १९९३ मध्यें कायदा झाला व त्यान्वयें राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. तरीहि या क्षेत्रांत बाजार माजला तो माजलाच. सर्वोच्च न्यायालयानें नेमलेल्या न्यायमूर्ति वर्मा आयोगानें सन २०१२ मध्यें आपला अहवाल दिला. त्याचा हवाला देऊन सन २०२० चें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्पष्ट सांगतें कीं, एकाकी चालणाऱ्या दहा हजारांहून अधिक अध्यापक विद्यालयांपैकीं बहुसंख्य विद्यालयें शिक्षक घडविण्याचा मनःपूर्वक प्रयत्नहि करीत नाहींत. किंमत घेऊन पदव्या विकणें हाच त्यांचा उद्योग आहे. याहून कडक दोषारोप कोणत्या टीकाकारानें केला असता? यास्तव सन २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक पदवी असावी, आणि शिक्षक-शिक्षणाचें कार्य विद्यापीठें व बहुशाखीय महाविद्यालयें यांजकडे जावें, असें त्या धोरणानें ठरविलें आहे. म्हणजे हा सर्व भार यापुढें विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांवर व त्यांच्या अध्यापक महाविद्यालयांवर येणार. दात्यानें विचार करावा असा काळ हाच.

कित्येक वाचक येथें म्हणतील कीं, जेथें पदव्यांची विक्री चालते तेथें आमचा पैसा आम्ही कां ओतावा? आमचें उत्तर असें कीं, विक्री बंद पाडण्याचा उपायच हा आहे. जें महाविद्यालय केवळ विद्यार्थ्यांच्या शुल्कावर जगतें, त्याला एकहि जागा रिकामी ठेवणें परवडत नाहीं. अर्जदारास शिकविण्याची आवड असो वा नसो, त्याला घ्यावेंच लागतें. तो वर्गांत येवो वा न येवो, त्याला उत्तीर्ण करावेंसें वाटतें. कारण त्याच्या शुल्कावर प्राध्यापकांचें वेतन अवलंबून असतें. परंतु ज्या संस्थेच्या पाठीशीं स्थायी निधि आहे, तिला ‘नाहीं’ म्हणण्याची ताकद येते. अपात्र मनुष्यास प्रवेश नाकारणें, पात्र पण निर्धन मनुष्यास हांक मारून आणणें, आणि कामचुकारास पदवी न देणें, या तिन्ही गोष्टी निधीवांचून होत नाहींत. संस्थेचा स्वाभिमान तिच्या ताळेबंदांत दडलेला असतो, हें कटु असलें तरी सत्य आहे.

कशासाठीं द्यावें, याविषयीं आमच्या सूचना मोघम नाहींत. पहिली व सर्वांत निकडीची गरज शाळेंतील प्रत्यक्ष अनुभवाच्या काळाची आहे. सन २०१५ पासून जो दोन वर्षांचा अभ्यासक्रम लागू झाला, त्यांत निदान २० आठवडे विद्यार्थ्यानें शाळेंत राहून काम करावें असा नियम घातला गेला. नियम उत्तम! वकील कोर्टांत, वैद्य रुग्णालयांत आणि शिक्षक वर्गांतच तयार होतो. पण ज्या मुलीचा बाप शेतमजूर आहे, तिनें हे पांच महिने दिवसभर शाळेंत राबून खावें काय? शिकवणी करून मिळणारे दोन पैसेहि या काळांत बंद होतात. मग हजेरीपत्रकावर खोटी सही करून कोठें तरी नोकरी धरणें हा मोह होतो, आणि ज्या वीस आठवड्यांत शिक्षक घडावयाचा ते कागदावरच राहतात. या अप्रामाणिकपणाचा दोष आम्ही त्या मुलीस देणार नाहीं. तिला या कोंडींत सोडणाऱ्या समाजास देऊं.

एकेकाळीं पुण्यांत माधुकरी मागून व वार लावून किती तरी गरीब विद्यार्थी शिकले. आठवड्याचे सात वार सात घरीं जेवण ठरलें, कीं विद्यार्थ्याची चिंता मिटे. त्या पद्धतींत जातीचे निर्बंध होते, मिंधेपणाहि होता. ती जशीच्या तशी परत यावी असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्यामागील बुद्धि, म्हणजे शिकणाऱ्याच्या पोटाची काळजी गांवानें घ्यावी ही, सोडण्यासारखी खास नाहीं. दरमहा ८ हजार रुपयांची शिष्यवृत्ति पांच महिने द्यावयाची तर ४० हजार रुपये लागतात. ७ लाखांची ठेव ठेवून ६ टक्के व्याज धरलें, तर वर्षास ४२ हजार येतात. म्हणजे दरवर्षीं एका शिक्षकाच्या वीस आठवड्यांची सोय झाली. महागाई वाढेल तशी मुद्दलांत भर घालावी लागेल हें खरें. तरी सात लाख रुपये म्हणजे हल्लीं एका मध्यम प्रतीच्या लग्नाच्या मांडवाचा व जेवणावळीचा खर्च. आणि पदरांत काय पडतें पाहा. एका शिक्षिकेच्या हातांखालून वर्षास १०० मुलें जातात असें धरलें, तर ३० वर्षांच्या नोकरींत ३,००० मुलें झालीं. एका पंक्तीचें अन्न सायंकाळपर्यंत पुरतें. ही पंक्ति तीस वर्षें उठत नाहीं.

दुसरी गरज ग्रंथांची. शिक्षणशास्त्राचा अभ्यास करणारा आमचा विद्यार्थी पुढें मराठींत शिकविणार. पण बालमानसशास्त्र, गणिताचें अध्यापन, अपंग मुलांचें शिक्षण या विषयांवर चांगले मराठी ग्रंथ शोधूं गेल्यास तो परीक्षेपुरत्या मार्गदर्शिकांवर येऊन थांबतो. अशा ग्रंथांच्या लेखनास व छपाईस कायमचें साह्य करणारा दाता मराठी भाषेची व शाळेची सेवा एकाच वेळीं करील. तिसरी गरज आदिवासी भागांतील शिक्षकांची. घरीं भिली, गोंडी वा कोरकू बोलणारें मूल पहिल्या दिवशीं शाळेंत येतें तेव्हां त्याला मराठी परकी असते. त्याच समाजांतील तरुणांस अध्यापक महाविद्यालयांत आणून, निवासाची सोय करून परत पाठविणें हें कार्य शुल्कावर चालणारी संस्था कधींहि करणार नाहीं.

आतां कायद्यासंबंधीं दोन शब्द. कारण दान देणें जितकें सोपें, तितकें तें टिकविणें सोपें नाहीं. सन १८९९ मध्यें रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई या मुंबईहून गेलेल्या खटल्यांत प्रीव्ही कौन्सिलनें असा निर्णय दिला कीं, मृत्युपत्रांत नुसतें ‘धर्म’ या हेतूनें ठेवलेलें दान संदिग्धपणामुळें रद्द होतें. हिंदु माणसाच्या मनांतील धर्म लंडनच्या न्यायाधीशांस कळला नाहीं, असा संताप तेव्हां अनेकांस आला असल्यास नवल नाहीं. सन १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानें ही अडचण आमच्या राज्यापुरती दूर केली; धर्म, धर्मादाय वा पुण्यकार्य असा मोघम हेतु असला, तरी तेवढ्याच कारणावरून विश्वस्त निधि रद्द समजूं नये, असें त्यांत म्हटलें आहे. परंतु कायद्यानें मोघमपणास क्षमा केली म्हणून दात्यानें मोघम राहावें असें नाहीं. दानपत्रांत मुद्दल कोणतें व खर्चावयाचें व्याज कोणतें, लाभार्थी कसा निवडावा, आणि मूळ हेतु कालांतरानें अशक्य झाला तर पैसा कोणत्या जवळच्या कार्याकडे वळवावा, हें स्पष्ट लिहावें. हिशेब ठेवणें व तपासून घेणें विश्वस्तांस कायद्यानें बंधनकारक आहे. दात्यानें तो दरसाल मागावा. मागण्यांत अविश्वास नाहीं; जो हिशेब मागितला जात नाहीं तो लिहिलाहि जात नाहीं, हा व्यवहार आहे.

कंपन्यांविषयींहि सांगितलें पाहिजे. सन २०१३ च्या कंपनी कायद्यान्वयें, ज्या कंपनीचें नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान २ टक्के लोकोपयोगी कार्यावर खर्चिले पाहिजेत. आणि शिक्षणाचा प्रसार हें त्या कार्यांपैकीं एक आहे. या रकमेंतून स्थायी निधि उभारतां येत नाहीं. पण वर्षाच्या वर्षास शिष्यवृत्त्या व ग्रंथ यांवर ती खुशाल खर्चितां येते. तेव्हां वार्षिक खर्च कंपन्यांनीं उचलावा, आणि कायम निधि व्यक्तींच्या देणग्यांतून व मृत्युपत्रांतून उभारावा, ही वांटणी सोयीची होईल. शाळांना संगणक वांटून छायाचित्रें काढून घेणाऱ्या कंपन्यांनीं, तो संगणक मुलांपुढें कोण उघडणार, याचाहि एकदां विचार करावा.

राहतां राहिले दोन आक्षेप. पहिला असा कीं, शिक्षक तयार करणें हें सरकारचें कर्तव्य. त्याचा भार लोकांनीं उचलला तर सरकार अंग काढून घेईल. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा सन २००९ मध्यें झाला. हक्क देणाऱ्यानें शिक्षकहि दिला पाहिजे. विद्यापीठांतील अध्यापकांच्या जागा भरणें, त्यांचें वेतन वेळेवर देणें, हें सरकारनें केलेंच पाहिजे, आणि त्यासाठीं आम्ही सरकारशीं भांडूं. दानाचा एक पैसाहि त्या वेतनाकडे जाऊं नये. सरकारी पैसा नियमानें चालतो व सर्वांस सारखा लागू होतो. एका विशिष्ट मुलीची विशिष्ट अडचण ओळखणें किंवा नव्या प्रयोगास चार वर्षें धीर धरून पोसणें, हें त्याच्या स्वभावांतच नाहीं. तेथें दानाचें क्षेत्र सुरू होतें.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. पदव्या घेतलेले शिक्षक नोकरीसाठीं वणवण फिरत असतां आणखी शिक्षक कशाला? आम्ही आणखी शिक्षक मागत नाहीं, आणि एकहि नवें महाविद्यालय काढा असें म्हणत नाहीं. आहेत त्यांपैकीं विद्यापीठांचीं चांगलीं महाविद्यालयें बळकट करा, म्हणजे कमी पण खरे शिक्षक बाहेर पडतील, आणि पदव्यांच्या दुकानांकडे जाणारें गिऱ्हाईक आपोआप घटेल. रिकाम्या जागा भरण्याविषयीं सरकारास जाब विचारणें हें वेगळें कर्तव्य आहे, आणि तें आम्ही सोडलेलें नाहीं.

शेवटीं वाचकांस एवढीच विनंति कीं, हा लेख वाचून ठेवून देऊं नये. प्रत्येकास असा एखादा शिक्षक आठवत असेल कीं ज्यानें आपल्याला वाक्य लिहावयास शिकविलें, अपूर्णांकाचें भय घालविलें, किंवा फी भरावयास पैसे नव्हते तेव्हां गाजावाजा न करतां ती भरली. त्यांपैकीं पुष्कळ जण आज हयात नाहींत, आणि जे आहेत ते घेणार नाहींत. मग ती दक्षिणा देण्यास ठिकाण कोणतें? ज्या महाविद्यालयांत तो शिक्षक घडला, किंवा त्याच्यासारखे आज घडत आहेत, तेंच. एका शाळेच्या एका वर्षाच्या तुकडींतील चाळीस माणसांनीं आपल्या गुरुजींच्या नांवानें प्रत्येकीं साडेसतरा हजार रुपये घातले, तरी सात लाख होतात. ज्यांस तेवढे जमत नाहींत त्यांनीं मुष्टिफंडाची आठवण ठेवावी. भाऊरावांनीं मूठ कधीं मोजली नाहीं. उद्यां नजीकच्या विद्यापीठाच्या अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्यांस एक पत्र लिहावें, आपली नेमकी गरज काय आहे हें त्यांस विचारावें, आणि उत्तर आल्यावर तें घरांतल्या चार माणसांस वाचून दाखवावें. कोठें द्यावें याचा निर्णय मग त्या घरांतच होईल.